यंत्राचें पहिलें वचन

नगर जिल्ह्यांत साखर कारखान्यांचा हंगाम सुरू होण्यापूर्वीं एक समारंभ होत असतो. त्याला बॉयलरचें अग्निप्रदीपन असें म्हणतात. पूजा होते, नारळ फुटतो, भट्टींत अग्नि पडतो, आणि मंडळी पांगतात. पण एक मनुष्य मात्र तेथेंच उभा राहतो. त्याची दृष्टि बॉयलरच्या अंगाला लावलेल्या उभ्या कांचनळीवर खिळलेली असते. बॉयलर पोलादाचा, त्याच्या पोटांत पाणी किती चढलें व किती उतरलें हें बाहेरून दिसावयाचें नाहीं. तें ती एवढीशी नळी सांगते. तिच्यावर कोणी हौसेनें वेलबुट्टी रंगविली, तर ती शोभिवंत दिसेल खरी. परंतु पाणी दिसेनासें होईल, आणि त्या माणसाच्या हातांत अंदाजाखेरीज कांहीं उरणार नाहीं.

लोणीनजीक, प्रवरेच्या कांठच्या मुलुखांत, विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानें उभा राहिलेला सहकारी साखर कारखाना इ. स. १९५० च्या अखेरीस गाळपास लागला. त्या काळीं उसाच्या गाडीचें वजन झालें कीं त्याची नोंद कारकुनाच्या वहींत होत असे. वही उघडली कीं वाचतां येत असे. ती 'सुरू' करावी लागत नसे. पुढें जिल्ह्यांतील कारखाने, पतसंस्था, बँका आणि कचेऱ्या यांच्या वह्या संगणकांत गेल्या. अनेक मेजांवरील लहान संगणकांना एकाच ठिकाणाहून माहिती पुरविणारा जो मोठा संगणक असतो, त्याला सर्व्हर म्हणतात. हा सर्व्हर म्हणजे साऱ्या कचेरीची एकच वही होय. आणि ही वही मात्र सुरू करावी लागते.

आतां अशी कल्पना करावी कीं, ऐन हंगामांत रात्रीची वीज जाऊन परत आली आहे. काट्यापुढें ट्रॅक्टर व बैलगाड्या यांची रांग लागली आहे. सर्व्हरचे पंखे फिरत आहेत, दिवा लुकलुकत आहे, पण पडदा काळाकुट्ट. एक मिनिट गेलें, दोन गेलीं, पांच गेलीं. बाहेर गाडीवान हांका मारूं लागले. अशा वेळीं काट्यावरच्या माणसाचा हात आपोआप वीज बंद करण्याच्या बटणाकडे जातो. तो हात तेथें पोंचण्यापूर्वीं एका प्रश्नाचा निकाल लागला पाहिजे: हें यंत्र मेलें आहे, कीं केवळ मुकें झालें आहे? कारण यंत्र मुकें असून आंतल्या आंत चकतीची तपासणी करीत असेल, तर त्याच क्षणीं वीज तोडणें म्हणजे लिहितां लिहितां कारकुनाच्या हातून वही ओढून घेण्यासारखें आहे. रात्रीचीं वजनें, शेतकऱ्यांचे हिशेब, सारें त्या एका बटणावर अवलंबून असतें.

हा प्रश्न पडण्याची वेळ मनुष्यावर कां यावी, याचा एक इतिहास आहे. यंत्र आरंभीं बोलकें होतें. मग त्याला मुद्दाम गप्प बसविण्यांत आलें. आणि आतां जाणते लोक त्याला पुन्हां बोलतें करीत आहेत, असा तो इतिहास होय.

संगणक सुरू करण्याच्या क्रियेला इंग्रजींत 'बूट' असें म्हणतात. पायांतील बुटाला मागें जो पट्टा असतो, तो ओढून स्वतःच स्वतःला उचलण्याची एक असंभवनीय गोष्ट त्या भाषेंत प्रसिद्ध आहे. तिच्यावरून हा शब्द आला. वीज मिळते त्या क्षणीं संगणकाची मुख्य स्मृति कोरी असते. त्याला काम करावयाचें तर आज्ञा हव्यात, आणि आज्ञा स्मृतींत आणावयाच्या तर त्या आणण्याचीही आज्ञा हवी! हा पेंच सोडविण्यासाठीं एक लहानशी आज्ञावली यंत्रांत कायमची कोरून ठेवितात. ती जागी होऊन अवयवांची तपासणी करते व चकतीवरून थोडी मोठी आज्ञावली आणते. ती मोठी आज्ञावली ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नेल, आणते. आणि कर्नेल बाकीच्या सेवा उठवितो. एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातीं मशाल जावी तसा हा प्रकार आहे. मशाल कोणाच्या हातून पडली हें कळावयाचें, तर प्रत्येकानें आपलें नांव मोठ्यानें उच्चारलें पाहिजे. सुरुवातीच्या पडद्याचें खरें काम एवढेंच आहे.

महाराष्ट्रांत या विद्येचा आरंभ मुंबईस झाला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत तेथील शास्त्रज्ञांनीं स्वतः रचलेला संगणक इ. स. १९६० मध्यें पूर्ण झाला. १९६२ सालीं त्याला 'टिफ्रॅक' हें नांव मिळालें. त्याची स्मृति अवघी २०४८ शब्दांची, आणि प्रत्येक शब्द ४० द्विमान अंकांचा. आजच्या मानानें ही स्मृति मुंगीएवढी म्हणावी लागेल. परंतु चालकाच्या मेजावरून यंत्राशीं थेट व्यवहार करण्याची सोय तीत होती. शिवाय आलेख व अक्षरें दाखविणारा कॅथोड-किरण नळीचा पडदाही जोडलेला होता. ज्यांनीं यंत्र बांधलें तेच त्यापुढें बसत असल्यामुळें आंत काय चाललें आहे हें झांकण्याचें कोणास प्रयोजन नव्हतें.

इ. स. १९८१ च्या ऑगस्टमध्यें आय. बी. एम. कंपनीचा 'पर्सनल कॉम्प्यूटर' बाजारांत आला आणि मेजावरच्या संगणकाच्या पडद्याला एक ठराविक रूप मिळालें. एका ओळींत ८० अक्षरें, आणि अशा २५ ओळी. म्हणजे एकंदर २००० अक्षरांची ती एक पाटीच होती. प्रत्येक अक्षरास दोन बाइट लागत. एकांत अक्षर कोणतें तें, व दुसऱ्यांत तें कसें दिसावें तें. अक्षराचें चित्र काढण्याचें काम पडद्याचें यंत्रच करी. ही पाटी इतकी साधी होती कीं, संगणकाचे बाकीचे अवयव पुरते जागे होण्याच्या आधींही तिच्यावर लिहितां येई. १९८७ सालीं व्ही. जी. ए. नांवाची पद्धति आली. तिच्यांत चित्रांची सोय वाढली, पण ही अक्षरपाटी तशीच राहिली. आणि पुढें पुष्कळ वर्षें सर्व प्रकारच्या संगणकांचा तोच शेवटचा आधार होऊन बसली.

१९९१ सालीं फिनलंडमधील लिनस टोर्वाल्ड्स या विद्यार्थ्यानें लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम लिहिण्यास घेतली. आज जगांतील फार मोठ्या संख्येचे सर्व्हर तिच्यावर चालतात. तिला चकतीवरून उठविण्यासाठीं वेर्नर आल्मेस्बर्गर यांनीं 'लिलो' नांवाची छोटी आज्ञावली रचली. तिचें बोलणें मोठें मार्मिक होतें. ती आपल्या इंग्रजी नांवाचीं एल, आय, एल, ओ हीं चार अक्षरें एकदम न उच्चारतां, कामाची एकेक पायरी ओलांडल्यावर एकेक उच्चारीत असे. पहिलें अक्षर उमटून थांबलें, तर पहिला भाग उठला पण दुसरा आणतां आला नाहीं. दोन उमटलीं, तर दुसरा भाग आला पण चालूं शकला नाहीं. तीन उमटलीं, तर दुसरा भाग चालला पण त्याला आपला नकाशा वाचतां आला नाहीं. चारही उमटलीं, कीं सारें आलबेल. चार अक्षरांत एवढें निदान सांगणारा वैद्य विरळाच!

लिलोनंतर कर्नेलचें बोलणें सुरू होई. स्मृति किती सांपडली, चकत्या कोणत्या, जाळ्याचें कार्ड कोणतें, याच्या ओळीमागून ओळी पडद्यावर धांवत. पाहणाऱ्यास त्यांतील निम्मा भाग कळत नसे. पण ओळी थांबल्या कीं शेवटची ओळ कोणती, एवढें तरी त्याला दुसऱ्यास विचारतां येई. त्या एका ओळीनें कित्येक यंत्रें वांचविलीं.

पुढें या बोलण्याची लाज वाटूं लागली. संगणक सामान्य घरांत शिरला. विकत घेणारास काळ्या पडद्यावरील पांढरी अक्षरें हें बिघाडाचें लक्षण वाटूं लागलें. लिनक्सच्या गाभ्यानें १९९९ च्या सुमारास साध्या संगणकांवरही चित्रमय पडदा घेतला, आणि ओळींच्या वर पेंग्विन पक्ष्याचें चित्र झळकूं लागलें. हें चित्र तरी निरुपद्रवी होतें. किंबहुना उपयोगीही होतें, कारण यंत्रांत जितके प्रोसेसर सांपडत तितके पेंग्विन ओळीनें उभे राहत. परंतु २००३ सालीं फेडोरा या लिनक्सच्या वितरणांत सुरुवातीच्या साऱ्या ओळी झांकणारें रंगीत चित्र आलें. २००८ सालीं त्याची जागा 'प्लिमथ' नांवाच्या अधिक सफाईदार आज्ञावलीनें घेतली. आणि २०१० पासून उबुंटूनेंही तीच स्वीकारली. कर्नेलला सुरुवातीस ज्या सूचना द्यावयाच्या, त्यांत दोन शब्द रूढ झाले. एक 'क्वाएट', म्हणजे गप्प राहा; आणि दुसरा 'स्प्लॅश', म्हणजे चित्र दाखव. कांचनळीवर वेलबुट्टी निघाली ती अशी.

मायक्रोसॉफ्टच्या घरींही हाच क्रम दिसतो. १९९३ सालीं निघालेल्या विंडोज एन. टी. ची सुरुवात निळ्या पडद्यावरील अक्षरांनीं होत असे. प्रोसेसर किती व स्मृति किती हें ती सांगे. तिच्या आरंभीच्या यादींत, नेहमींच्या नोंदीखालीं, 'व्ही. जी. ए. मोड' अशी दुसरी नोंद मुद्दाम ठेविलेली असे. पडद्याचें कार्ड बिघडलें वा चुकीचें मोजमाप निवडलें गेलें, तर ही नोंद निवडावी. यंत्र जुन्या, सर्वांस कळणाऱ्या साध्या पडद्यावर उघडे, आणि कोणता भाग चढविला जात आहे त्याचीं नांवेंही दाखवी. मागाहून चित्र आलें तरी हीं नांवें दाखविण्याची सोय त्या घराण्याच्या सर्व्हरांत टिकून राहिली. ती मागून घ्यावी लागते, इतकेंच. बोलण्याची सोय कोणी मोडून टाकली नाहीं. ती फक्त पडद्याआड गेली.

घरच्या संगणकापुरतें हें ठीक होतें. सर्व्हरच्या बाबतींत मात्र आणखी एक विपरीत गोष्ट घडली. सर्व्हरपुढें बहुधा कोणी बसत नाहीं. म्हणून त्यांत पडद्याचें अवयव अगदीं साधे घालतात. १९९८ सालीं निघालेल्या मॅट्रॉक्स जी-२०० या चित्रकार्डाचा गाभा सर्व्हरांच्या देखरेखीच्या चिपांत पुढें कित्येक वर्षें नांदत राहिला. इकडे लिनक्समध्यें २००९ च्या सुमारास पडद्याचें मोजमाप ठरविण्याचें काम कर्नेलनें स्वतःकडे घेतलें. पूर्वीं तो पडदा आहे तसा वापरी. आतां तो पडद्याला विचारूं लागला: तुझी रुंदी किती, उंची किती? पडद्यानें उत्तर द्यावें, यासाठीं १९९४ सालीं ठरलेली एक परिचयपत्रिका प्रत्येक पडद्यांत असते. पण सर्व्हरच्या खोलींत पुष्कळदां एकच पडदा व एकच कळफलक अनेक यंत्रांमध्यें फिरवून वापरतात, आणि त्यांना जोडणारी पेटी ही परिचयपत्रिका पुष्कळदां पुढें पोंचवीतच नाहीं. मग कर्नेल अंदाजानें एखादें मोजमाप ठरवितो. तें पडद्याला न झेपल्यास तो काळा पडतो, किंवा 'आवाक्याबाहेर' अशा अर्थाची सूचना दाखवून गप्प बसतो. आंत मात्र सर्व्हर सुखरूप उठलेला असतो! दोन पाहुणे एकमेकांची भाषा न समजल्यामुळें मुकाट्यानें समोरासमोर बसावेत, तसा हा प्रसंग होय. त्यांतील कोणीही मेलेला नसतो.

हा इतिहास ध्यानांत आला, म्हणजे काळ्या पडद्यावरचे उपायही त्यांतूनच निघतात. आणि ज्या क्रमानें यंत्राच्या तोंडावर आवरणें चढलीं, त्याच्या उलट क्रमानें तीं उतरवावयाचीं असतात.

पहिली गोष्ट, नाडी पाहणें. कळफलकावरील कॅप्स लॉक ही कळ दाबावी. तिचा दिवा लागत व विझत असेल तर बहुतेक कर्नेल जिवंत आहे. दिवा लागला नाहीं म्हणून मात्र यंत्र मेलें असें लगेच ठरवूं नये. शेजारच्या संगणकावरून जाळ्यामार्फत सर्व्हरला हांक मारावी. उत्तर आलें तर काटा चालू करावा, आणि पडद्याचा विचार सकाळीं करावा. चकतीचा दिवा लुकलुकत असेल तर थांबावें. वीज अचानक गेल्यावर चकतीची तपासणी कित्येक वेळां बराच वेळ घेते, आणि 'गप्प राहा' या सूचनेमुळें ती आपण होऊन कांहीं बोलत नाहीं.

दुसरी गोष्ट, चित्र बाजूस सारणें. चित्र दिसत असेल व पुढें कांहीं हालचाल नसेल, तर एस्केप ही कळ दाबावी. पुष्कळदां चित्र सरकून मागच्या ओळी दिसतात. ऑल्ट व एफ-२ या कळा एकत्र दाबल्या असतां दुसरी अक्षरपाटी उघडते, तीही पाहावी.

तिसरी गोष्ट, एका वेळेपुरती सूचना बदलणें. १९९५ सालीं एरिक बोलेन यांनीं आरंभिलेला 'ग्रब' हा लिलोचा उत्तराधिकारी होय. आज बहुतेक लिनक्स सर्व्हर त्याच्या हातून उठतात. त्याची यादी लपविलेली असली, तर उबुंटूसारख्या वितरणांत जुन्या पद्धतीच्या यंत्रावर शिफ्ट व नव्या पद्धतीच्या यंत्रावर एस्केप ही कळ सुरुवातीस वापरल्यानें ती प्रगट होते. यादींतील नोंदीवर 'ई' हें इंग्रजी अक्षर दाबलें कीं कर्नेलला द्यावयाच्या सूचनांची ओळ उघडते. तींतून 'क्वाएट' व 'स्प्लॅश' हे शब्द पुसून टाकावेत. तेवढ्यानें भागलें नाहीं तर 'नोमोडसेट' हा शब्द घालावा. त्याचा अर्थ, पडद्याचें मोजमाप ठरविण्याच्या भानगडींत पडूं नको, आधींच्या आज्ञावलीनें जसा दिला तसाच पडदा वापर. मग कंट्रोल व एक्स या कळा दाबून यंत्र उठवावें. या दुरुस्तीचा मोठा गुण असा कीं, ती एका वेळेपुरतीच राहते. चुकली तरी पुढच्या आरंभीं यंत्र पूर्ववत् होतें. अनोळखी विहिरींत उडी घेण्यापूर्वीं दोर सोडून खोली पाहावी, तशी ही रीत आहे.

चौथी गोष्ट, उपाय लागू पडला तर तो कायम करणें. आणि नेमकी येथेंच शहाण्या माणसांचीही फसगत होते. ग्रबच्या आवडीनिवडी एका लहान फाइलींत लिहिलेल्या असतात. तींत शब्द बदलून माणूस निर्धास्त होतो, आणि दुसऱ्या दिवशीं पडदा पुन्हां काळा! कारण ती फाइल म्हणजे केवळ हस्तलिखित होय. आरंभीं जी वाचली जाते ती त्यावरून तयार होणारी छापील प्रत निराळी असते. उबुंटूच्या घराण्यांत 'अपडेट-ग्रब' व रेड हॅटच्या घराण्यांत 'ग्रब-टू-एम-के-कॉन्फिग' ही आज्ञा दिल्यावर नवी छापील प्रत निघते. हस्तलिखित सुधारलें पण छापखान्यांत पाठविलें नाहीं, अशी ही चूक आहे.

पांचवी गोष्ट, जुनीं औषधें नव्या रोग्यास न देणें. एके काळीं 'व्ही. जी. ए. बरोबर ७९१' अशी सूचना लिहिली कीं पडदा १०२४ गुणिलें ७६८ ठिपक्यांचा होई. ही मात्रा कित्येकांच्या वह्यांत अजून जपून ठेविलेली असते. परंतु ग्रबच्या दुसऱ्या पिढीनें ती कालबाह्य ठरविली आहे, आणि यू. ई. एफ. आय. या नव्या पद्धतीनें उठणाऱ्या यंत्रांत ती चालतही नाहीं. तेथें मोजमाप ग्रबलाच सांगावें लागतें, आणि तें पुढें कर्नेलच्या हातीं जसेंच्या तसें द्यावें, अशीही सूचना लिहावी लागते.

सहावी गोष्ट, यंत्र दुसरीकडे तोंड करून तर बोलत नाहीं ना, हें पाहणें. पडदा नसलेल्या सर्व्हरांचे संदेश एका तारेवरून दुसऱ्या संगणकास देण्याची रीत जुनी आहे. तिला सीरियल कन्सोल म्हणतात. पुढें ती देखरेखीच्या चिपेमार्फत जाळ्यावरूनही साधूं लागली. ती वापरावयाची असल्यास सूचनांच्या ओळींत दोन कन्सोलांचीं नांवें लिहितात. कर्नेलचे संदेश दोन्हींकडे जातात. परंतु मागाहून उठणाऱ्या सेवांचें बोलणें शेवटीं लिहिलेल्या कन्सोलकडेच जातें. शेवटीं तारेचें नांव असेल, तर पडद्यापुढें बसलेल्या माणसास वाटतें कीं यंत्र मध्येंच थांबलें. वस्तुतः तें भिंतीकडे तोंड करून आपली हकीकत शेवटपर्यंत सांगत असतें. नांवांचा क्रम उलटा केला कीं काम भागतें.

येथवर यंत्राच्या वाणीचा विचार झाला. त्या वाणीची भाषा कोणती, हा प्रश्न उरतो. काट्यावर बसलेल्या मनुष्याची भाषा मराठी, आणि यंत्राची सारी वटवट इंग्रजी. याचें एक कारण असें कीं, कर्नेलचे संदेश जगभर एकाच भाषेंत असावेत, म्हणजे कोणासही कोणाची मदत घेतां यावी, असा त्याच्या रचनाकारांचा रिवाज आहे. दुसरें कारण त्या जुन्या अक्षरपाटींतच आहे. तिच्यांत एका वेळीं २५६ आकृति मावतात. कांहीं रंगांचा त्याग केल्यास ५१२. रोमन लिपीस हें पुरून उरतें. देवनागरींत मात्र काना, मात्रा, वेलांटी, रफार आणि जोडाक्षरें यांच्या मिलाफानें आकृति होतात. ऱ्हस्व वेलांटी तर उच्चारांत मागून येऊन लिहितांना पुढें बसते. एका चौकोनांत एक अक्षर, या हिशेबांत ती बसत नाहीं.

या अडचणीवर या देशांत फार चांगलें काम झालें. कानपूरच्या आय. आय. टी. मध्यें भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे प्रयत्न झाले. १९८८ सालीं पुण्यास सी-डॅक ही संस्था उभी राहिली, आणि 'जिस्ट' नांवाचें कार्ड पुढें आलें. तें यंत्रांत बसविलें कीं साध्या अक्षरपाटीवरही देवनागरी उमटूं लागे. १९९१ सालीं भारतीय लिप्यांच्या संकेतांचें राष्ट्रीय प्रमाण ठरलें. आणि त्याच वर्षीं जगांतील सर्व लिप्यांसाठीं निघालेल्या युनिकोडमध्यें देवनागरीला १२८ जागांचा स्वतंत्र वाडा मिळाला. २००७ सालीं सी-डॅकच्या चेन्नई शाखेनें 'बॉस' हें लिनक्सचें भारतीय वितरण काढलें. अशा प्रयत्नांमुळें यंत्र पुरतें जागें झाल्यावर मराठी आतां सुखानें दिसते. पण जागें होतांहोतां जें तें पुटपुटतें, तें अद्याप मराठींत नाहीं.

याच जिल्ह्यांत, प्रवरेच्याच कांठीं, नेवासें आहे. तेथें शके १२१२ मध्यें, म्हणजे इ. स. १२९० सालीं, गीतेचा अर्थ मराठींत सांगितला गेला. तो कांहीं संस्कृतास हटविण्यासाठीं नव्हे. ज्याला संस्कृत येत नाहीं त्यालाही कळावें म्हणून. यंत्राच्या बाबतींतही मार्ग तोच आहे. कर्नेलच्या ओळी इंग्रजींत राहोत; परंतु त्यांतील पांचदहा नेहमींच्या ओळींचा अर्थ व वरील सहा गोष्टी स्वच्छ मराठींत एका कागदावर लिहून तो सर्व्हरच्या खोलींत भिंतीवर लावण्यास कोणत्या युनिकोडची वाट पाहावी लागते? जिल्हा १७,००० चौरस किलोमीटरांहून मोठा, क्षेत्रफळानें महाराष्ट्रांत पहिला, तालुके चौदा. २०२४ सालीं त्याचें नांव अहिल्यानगर झालें, पण अंतरें तींच राहिलीं. अकोल्यास वा जामखेडास रात्रीं दोन वाजतां पडदा काळा झाला, तर जाणता मनुष्य शहरांतून येईपर्यंत उजाडावयाचें. भिंतीवरचा कागद मात्र तेथेंच असतो.

जाणते लोक सर्व्हरावर पहिली गोष्ट ही करतात कीं, 'गप्प राहा' हा शब्द पुसून टाकतात. चित्र दिसत नाहीं म्हणून कोणाचें अडत नाहीं. ओळ दिसली नाहीं तर रात्र अडते. ओळी कुरूप दिसतील, कोणास समजणारही नाहींत. पण ज्या क्षणीं त्या थांबतील, त्या क्षणीं कोठें थांबल्या हें कळेल, आणि हात बटणाकडे जाण्याऐवजीं दूरध्वनीकडे जाईल. बॉयलरपाशीं उभा असलेला मनुष्य कांचनळी रोज फडक्यानें पुसतो. त्याला ती सुंदर दिसावयास नको असते. त्याला आंतलें पाणी दिसावयास हवें असतें.